पावाचा शिक्का आणि आठवं नाव

मित्रांनो, मी नासपतीच्या लाकडाचा एक म्हातारा शिक्का आहे. पोस्टात कागदावर आपटतात तसला नव्हे हं! मी पावावर मारायचा शिक्का. आमच्या पेत्रोखोरी गावात प्रभुभोजनाचा पाव बायका घरी भाजतात आणि चर्चमध्ये नेऊन देतात. भट्टीत घालण्याआधी त्याच्या डोक्यावर माझा ठसा उमटवतात. मध्ये क्रूस आणि भोवती अक्षरं, 'येशू ख्रिस्त विजयी'. ठसा नसला की तो न्याहारीचा पाव, पाद्रीबाबा त्याला वेदीजवळ फिरकू देत नाहीत. म्हणजे माझा रुबाब काय असेल, तुम्हीच बघा.

मला कोरलं स्त्रातीस नावाच्या धनगरानं, आपली लेक झाम्बेता लग्न होऊन सासरी निघाली तेव्हा. खरं सांगायचं तर मी दुसरा. पहिल्या शिक्क्यावर त्या भल्या माणसानं अक्षरं सरळ कोरली, आणि पावावर ती सगळी उलटी उमटली. माझा तो थोरला भाऊ चुलीत गेला. मग स्त्रातीस तीन दिवस जीभ दातांत धरून बसला आणि त्यानं मला उलटा कोरला.

झाम्बेताच्या आईनं माझ्याबरोबर एक नियमही बांधून दिला. कणीक फुगून वर आली की मळणाऱ्या बाईनं घरातल्या प्रत्येकासमोर जाऊन म्हणायचं, 'मला क्षमा कर.' समोरच्यानं म्हणायचं, 'देव क्षमा करो.' सगळ्यांची उत्तरं आली की मगच शिक्का टेकवायचा, तोपर्यंत नाही. हा काही चर्चचा कायदा नव्हता. त्या घरापुरता होता, पण झाम्बेतानं तो जन्मभर पाळला. एकदा तिचा नवरा रुसून गोठ्यात जाऊन बसला आणि उत्तरच देईना. कणीक परातीतून उतू चालली. शेवटी ही बाई पिठाच्या हातांनी गोठ्यात गेली आणि हसवून त्याच्याकडून उत्तर घेऊन आली.

तो काळ माझ्या कौतुकाचा होता. झाम्बेताच्या पावावरचं फडकं काढलं की माझा ठसा नाण्यासारखा लख्ख दिसायचा. पाद्रीबाबा स्तेलिओ इतर बायकांना दाखवायचे, "पाव असा करावा." त्या बायांची तोंडं अशी व्हायची म्हणून सांगू! मी खुंटीवर टांगलेला असलो तरी मान ताठ करून असायचो.

मग झाम्बेताचा नवरा वारला. घरात राहिली ती, मुलगा थोदोरी, सून कालिओपी आणि धाकटी लेक आर्गिरो. आर्गिरोचं लग्न चक्कीवाल्याच्या मुलाशी ठरलं होतं. साखरपुड्याचे पाव भाजून झाले होते, नातलग जमले होते आणि त्याच सकाळी ही पोरगी खाली बंदरावर गेली. समुद्रातून स्पंज काढणाऱ्या सोतिरीबरोबर बोटीत बसली आणि गेली. झाम्बेतानं ते सगळे पाव डुकरांना घातले. संध्याकाळी तिनं घरात सांगून टाकलं, "माझ्यासाठी ती मेली. आजपासून तिचं नाव काढायचं नाही."

सहा वर्षं कुणी काढलं नाही. आर्गिरोची तीन पत्रं आली, तिन्ही न फोडता परत गेली. आणि मित्रांनो, मला सगळ्यात टोचायचं ते हे की बाकी सगळं जसंच्या तसं चालू होतं. कोनाड्यातला दिवा एक दिवस विझला नाही. उपासाच्या बुधवारी-शुक्रवारी जेवणात तेलाचा थेंब नाही. शनिवारी कणीक मळताना प्रार्थना व्हायची, थोदोरीची क्षमा मागून व्हायची, कालिओपीची मागून व्हायची, आणि मी ठसा उमटवायचो. ठसा लख्खच यायचा. लाकडाला काय, जिथे दाबाल तिथे उमटणार. पण मला तेव्हा माझीच लाज वाटायची, खोटं कशाला बोलू?

असं असताना ईस्टरच्या मोठ्या उपासांच्या आधीचा मृतांचा शनिवार आला. त्या दिवशी प्रत्येक घरातून पाव, उकडलेले गहू आणि नावांची चिठ्ठी चर्चमध्ये जाते. चिठ्ठीवर दोन रांगा असतात. एक जिवंतांची, दुसरी मृतांची. मृतांच्या रांगेवर क्रूस काढलेला असतो. पाद्रीबाबा ती नावं सगळ्या गावासमोर मोठ्यानं वाचतात.

आदल्या मंगळवारी चौथं पत्र आलं, थोदोरीच्या नावानं. त्यानं ते फोडलं. दोनच ओळी होत्या. आर्गिरो शुक्रवारी चारच्या बसनं येणार होती आणि शनिवारी तिचं चर्चमध्ये काम होतं. झाम्बेतानं ऐकून घेतलं आणि ताट बाजूला सारलं. म्हणाली, गावासमोर मिरवायला येतेय. येऊ दे.

शुक्रवारी दुपारी मी ओट्यावर होतो, धुऊनपुसून ठेवलेला. परातीत कणीक कापडाखाली फुगत होती. बाहेर थोदोरी भट्टी पेटवत होता. कालिओपी टेबलाशी बसून चिठ्ठी लिहीत होती, कारण झाम्बेताला लिहिता-वाचता येत नव्हतं. मृतांची सात नावं लिहून झाली. झाम्बेतानं बोट ठेवत ओळी मोजल्या. अक्षर कळत नसलं तरी क्रुसाची रांग तिला बरोबर कळायची.

"आठवं लिही," ती म्हणाली. "आर्गिरो."

कालिओपीची पेन्सिल जागच्या जागी थांबली. थोदोरी दारात लाकडं घेऊन उभा होता, तो म्हणाला की आई, असं कसं, ती उद्या चर्चमध्ये उभी असेल. आईनं त्याला सांगितलं की तू आपली भट्टी बघ. आणि हा पठ्ठ्या गेलाही भट्टी बघायला! झाम्बेताचं ठरलेलं होतं. आर्गिरो चर्चमध्ये पाऊल टाकेल आणि सगळ्या गावासमोर आपलंच नाव मेलेल्यांत ऐकेल. आमच्या गावात एकदा असं नाव वाचलं गेलं की त्या माणसाला पुन्हा कुणी दार उघडत नाही. घरचे तर नाहीच नाही.

कालिओपी ही परगावची, मवाळ स्वभावाची. दहा वर्षांत सासूसमोर आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. तिनं पेन्सिल खाली ठेवली. झाम्बेता म्हणाली, नको लिहूस, चर्चचा घंटावाला आहे, तो लिहील. मग तिनं हात धुतले, कापड काढलं. कणीक अगदी हवी तशी आली होती, बोट लावलं की हळूच परत वर येणारी. तिनं मला उचललं आणि नियमाप्रमाणे दारात जाऊन थोदोरीची क्षमा मागितली. तो जमिनीकडे बघत पुटपुटला, देव क्षमा करो. मग ती टेबलाशी आली.

"मला क्षमा कर, कालिओपी."

कालिओपी काही बोलली नाही.

झाम्बेताला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तिनं पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना आवाजाला धार आली. कालिओपी उभी राहिली.

"नाही म्हणणार मी, आई. तुमच्या आईचा नियम काय आहे? घरातल्या प्रत्येकाचं उत्तर. सहा वर्षं आपण दोघांचीच उत्तरं घेऊन पाव नेतोय. एक माणूस चारच्या बसनं येतंय. आधी तिचं घ्या, मग माझं."

"तू मला शिकवणार?"

"शिकवत नाही. पण ह्या खोट्यात माझं तोंड नको."

झाम्बेताचा हात माझ्याभोवती आवळला. इतका की माझ्यावरचा क्रूस तिच्या तळव्यात रुतला. ती परातीपाशी गेली आणि तिनं मला कणकेच्या वर धरलं. चार बोटं अंतर असेल नसेल. मी मनात म्हणत होतो, नको गं बाई, नको. एरवी मी ठसा उमटवायला आसुसलेला असतो. त्या दिवशी मला वाटलं की तिथल्या तिथे तडकून दोन तुकडे व्हावेत.

तिनं मला टेकवलं नाही. खालीही ठेवलं नाही. तशीच उभी राहिली. साडेतीन वाजले. कणीक परातीच्या काठावर आली. थोदोरी आत येऊन म्हणाला की भट्टी तयार आहे, फार वेळ तापलेली राहणार नाही. कणीक काठावरून खाली लोंबायला लागली. मग वळणावर बसचा भोंगा वाजला. थोदोरी दाराकडे निघाला. आई म्हणाली, पाय बाहेर टाकलास तर बघ. तो उंबऱ्याशी थबकला, एकदा आईकडे बघितलं आणि गेला. बरं झालं गेला! मला त्याचा इतका राग आला होता की विचारू नका.

आर्गिरो आत आली नाही. उंबऱ्याबाहेरच थांबली. वाळून गेली होती, आणि डोक्यापासून पायांपर्यंत काळे कपडे. झाम्बेतानं वळून बघितलं आणि तिची नजर त्या सुतकाच्या काळ्या कपड्यांवर गेली. तिनं विचारलं, "सोतिरी?"

"सोतिरी बरा आहे," आर्गिरो म्हणाली. "मी राहायला आले नाही, आई. चिठ्ठीत एक नाव लिहून घे, तेवढंच. तिकडं आम्हाला चर्चमध्ये कुणी आपलं नाही. तिचं नाव इथं, आजोबांच्या शेजारी वाचलं जावं एवढंच मला वाटतं."

"कुणाचं?"

"माझ्या मुलीचं. साडेतीन वर्षांची होती. मागच्या वर्षी तापानं गेली. तिसऱ्या पत्रात कळवलं होतं मी." मग ती कालिओपीकडे वळली. "लिही वहिनी. झाम्बेता."

मित्रांनो, आमच्याकडे नातीला आजीचं नाव देतात. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं द्यायची रीत आहे. आर्गिरोनं रीत मोडून आपल्या आईचं दिलं होतं. त्या आईनं तीन पत्रं परत धाडली होती.

कालिओपीनं लिहिलं. मृतांच्या रांगेत आठवी ओळ भरली. झाम्बेतानं त्या ओळीवर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती बराच वेळ तिथं बघत राहिली. मग ती उंबऱ्यापाशी गेली आणि लेकीसमोर गुडघ्यांवर बसली. साठी उलटलेली बाई, गुडघे दुखणारी.

"मला क्षमा कर, आर्गिरो."

आर्गिरोचे डोळे कोरडे होते. ती म्हणाली, "आज माझ्या तोंडातून ते येत नाही, आई. खोटं म्हणू का?"

"नको," झाम्बेता म्हणाली. "खोटं नको म्हणूस."

तिनं मला नेऊन खुंटीवर टांगलं. कणीक तशीच सोडली. थोदोरीनं भट्टीतले निखारे विझवले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरात मृतांच्या शनिवारचा पाव भाजला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये काय झालं ते मी खुंटीवरून कसं बघणार? पण कालिओपीनं ते पुढे इतक्यांदा सांगितलं की मला पाठ आहे. झाम्बेता उकडलेले गहू आणि चिठ्ठी घेऊन गेली. पाद्रीबाबांनी विचारलं, पाव कुठाय? सगळ्या बाया कान देऊन होत्या, त्या कशाला सोडतात! आणि ही ताठ मानेची बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाव नाही. मी माझ्या लेकीचा अपराध केलाय आणि तिनं मला अजून क्षमा केलेली नाही. ती करेल तेव्हा पाव आणीन." पाद्रीबाबांनी चिठ्ठी घेतली आणि वाचायला सुरुवात केली. आठवं नाव आलं, झाम्बेता. पहिल्यांदा त्याच क्षणी आर्गिरो रडली. आईनं तिला हात लावला नाही, नुसती शेजारी उभी राहिली.

दुपारी त्या घरी आल्या. आर्गिरोची बस दोनला होती. ती स्वयंपाकघरात आली, गाठोडं उचललं, परत ठेवलं. आंबून गेलेली कणीक परातीत खाली बसली होती. तिनं बाह्या वर केल्या, त्यातली मूठभर खमिरासाठी काढून घेतली, नवं पीठ चाळलं आणि मळायला लागली. दोनची बस भोंगा वाजवून गेली.

कणीक वर आल्यावर आर्गिरोनं मला खुंटीवरून काढलं. मळणारी ती होती, म्हणजे क्षमा तिनं मागायची. थोदोरीची मागितली, कालिओपीची मागितली. मग आईसमोर उभी राहिली.

"मला क्षमा कर, आई. आणि तू काल विचारलंस ना, त्याचं उत्तर. देव क्षमा करो."

झाम्बेतानं उत्तर दिलं की नाही ते मला नीट ऐकू आलं नाही, कारण ती लेकीच्या खांद्यात तोंड खुपसून रडत होती आणि मी त्या दोघींच्या मध्ये चेपलो गेलो होतो. पण पाव भाजला गेला, रविवारी वेदीवर गेला, आणि माझा ठसा थोडा वाकडा आला. पाद्रीबाबांनी तो तसाच घेतला.

झाम्बेता त्यानंतर अकरा वर्षं जगली. आता मृतांच्या रांगेत तिचं नाव दोनदा वाचतात, एक आजी आणि एक नात. पाव मात्र आता बंदरावरच्या बेकरीतून येतो, छापील ठशाचा. मी कालिओपीच्या नातसुनेच्या खणात चमच्यांशेजारी पडून आहे. मला एक बारीक चीर गेली आहे. वर्षातून एकदा कुणी तेलाचं बोट लावलं तर बरं वाटेल. नाही लावलं तरी मी तक्रार करणार नाही, लाकूड आहे, कधीतरी जायचंच.

पण मित्रांनो, एवढं माझं ऐका. तुमच्या घरात कुणाचं नाव काढायचं बंद झालं असेल तर आज जेवायला बसण्याआधी ते काढा. कुणाचं पत्र आलं असेल तर फोडा. झाम्बेतानं तिसरं पत्र फोडलं असतं, तर नातीच्या थडग्यापाशी तरी ती गेली असती.