दांड्यावरचे सहा किलो

मित्रांनो, मला आजवर पुष्कळ जणींनी खोटारडा म्हटलं आहे. माझं तोंड पायाशी असल्यामुळे वरून खाली बघत म्हटलं आहे, आणि वर नाक मुरडलं आहे. तेव्हा आधीच सांगून ठेवतो. मी वजनकाटा आहे, जुना आहे, माझा पांढरा रंग उडाला आहे आणि एका कोपऱ्याला गंज चढला आहे. पण मी कोणाला एका किलोचीही थाप मारलेली नाही. माझी हकिगत ऐका आणि मग काय ते ठरवा.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. बिडाचं अंग, पोटात स्प्रिंगा, पाठीवर रबरी चटई आणि पुढे ताटलीएवढी काचेची तबकडी. माझी परीक्षा घेणारे कारागीर फार कडक होते. वीस-वीस किलोची वजनं त्यांनी माझ्यावर एकेक करून रचली आणि दर वेळी गुडघ्यांवर बसून काटा बघितला. एकशेवीसला मी अर्ध्या किलोने चुकलो, तर त्यांनी मला पुन्हा उघडलं आणि पहिल्यापासून जुळवलं. शेवटी माझ्या तबकडीवर बोटाने टकटक करून म्हणाले, "जेवढं वर ठेवतील तेवढंच सांगायचं. कमी नाही, जास्त नाही." तेवढंच मी जन्मभर करत आलो.

तिथून मी आलो तो थेट तरण तलावावर, बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत. ओल्या फरशीवर कोणी घसरू नये म्हणून त्या खोलीत भिंतीला एक स्टीलचा दांडा बसवला होता. माझी जागा त्या दांड्याला लागूनच. समोर तलावाकडे उघडणारं अर्धं दार. उभ्या माणसाला त्यावरून दिसतं, मला त्याखालून. त्यामुळे मी माणसांना पायांवरून ओळखतो. पाण्याचा काठही मला तिथूनच दिसतो.

सुरुवातीला माझं केवढं कौतुक झालं! सकाळच्या वेळी माझ्यापुढे रांग लागायची. आणि काय काय तऱ्हा बघितल्या म्हणून सांगू. कोणी कानातलं काढून चढायची, कोणी केस पिळून, कोणी श्वास सोडून. एक तर माझ्या डाव्या कोपऱ्यावर एका पायाने उभी राहायची. तिथे म्हणे मी कमी दाखवतो. काहींना स्वतःचं पोट आड येऊन माझी तबकडीच दिसायची नाही. त्या मैत्रिणीला आकडा वाचायला सांगायच्या आणि ऐकल्यावर मैत्रिणीवरच चिडायच्या. आकडा आवडला तर काटा चांगला, नाही आवडला तर काटा बिघडलेला. मी मनावर घेणं सोडून दिलं होतं.

मग एके सकाळी माझ्यापुढे दोन पाय आले, ते मी विसरणार नाही. उजवा रुंद, टाचेला भेगा पडलेला. डावा लहान मुलीच्या पायाएवढा, काडीसारखा बारीक. लहानपणी पोलिओ झालेला तो पाय. बाईंनी बाकावर बसून त्याला लावलेला पट्ट्यांचा लोखंडी आधार सोडला आणि कुबडी भिंतीशी टेकवली. त्या धंद्याने शिंपीण. कपडे शिवायचं दुकान होतं त्यांचं, आणि कापायचं काम त्या स्वतः करायच्या. सोबत त्यांची धाकटी जाऊ होती. तिच्या स्कूटरवर मागे बसून त्या आल्या होत्या.

"डॉक्टर म्हणाले, अठ्ठ्याण्णव भरलं," धाकटी जाऊ म्हणाली. "पंच्याऐंशीच्या खाली आल्याशिवाय ते गुडघ्याला हात लावणार नाहीत. चढा ताई, इथलं बघू."

दुखणं असं होतं. चाळीस वर्षं उजव्या पायाने दोघांचं काम एकट्याने केलं होतं, आणि आता त्याचा गुडघा झिजून गेला होता. तो बदलल्याशिवाय उभं राहणं कठीण, आणि कापायच्या टेबलाशी उभं राहिल्याशिवाय कापड कापता येत नाही. ज्याला त्याला सल्ला देण्याची हौस. भेटेल तो म्हणायचा, रोज चाला, वजन आपोआप उतरेल. शिंपीणबाई हे सांगताना हसल्या. "मला चालता येत असतं तर मी डॉक्टरकडे कशाला गेले असते?"

एक हात दांड्यावर ठेवून त्या माझ्यावर चढल्या. एका पायावर तोल कसा राहणार? दांडा धरावाच लागला. माझा काटा पंच्याण्णववर थांबला.

"बघा," जाऊ म्हणाली, "तीन किलो तर इथेच गेले. दवाखान्यातले काटे जास्तच दाखवतात, माणसाला घाबरवायला."

मला तेव्हाच कळलं होतं, मित्रांनो. तीन किलो गेले नव्हते, ते दांड्यावर होते. पण काट्याला फक्त आकडा सांगता येतो, बोलता येत नाही. मी पंच्याण्णव सांगितलं, कारण माझ्यावर तेवढंच होतं.

तलावावर शिकवायला एक बाई होत्या. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळ्या त्यांना शिट्टीबाई म्हणायच्या. येणाऱ्या प्रत्येकीला त्या काठावर पालथं झोपवून एकच गोष्ट ओरडून सांगत. "पाय मारा! पाय!" शिंपीणबाईंनाही त्यांनी सवयीने तेच सांगितलं.

"कुठला मारू?" शिंपीणबाई म्हणाल्या. "एक ऐकत नाही, दुसरा दुखतो."

शिट्टीबाई आत गेल्या आणि फेसाचा एक ठोकळा घेऊन आल्या. तो मांड्यांमध्ये धरला की पाय बुडत नाहीत. "पायांना सुट्टी," त्या म्हणाल्या. "आता सगळं हातांनी."

पहिल्या दिवशी चार हात मारून शिंपीणबाई खोकत काठाला चिकटल्या. उथळ बाजूला शिकायला आलेल्या दोघीतिघी बघून कुजबुजल्या, एवढ्या वजनाची बाई, त्यात हा पाय, कशाला जिवाशी खेळ! शिंपीणबाईंनी नाकातलं पाणी पुसलं आणि पुन्हा चार हात मारले. महिन्याने त्या तलावाची रुंदी पार करू लागल्या, पावसाळा उलटेपर्यंत लांबी. दाराखालून मला फक्त काठाला येऊन लागणारा हात दिसायचा. तो लागला की मी मोजायचो. एक, दोन, पाच, अकरा. कुजबुजणाऱ्या तोवर येईनाशा झाल्या होत्या.

आणि माझा काटा उतरत होता. ब्याण्णव, नव्वद, सत्त्याऐंशी. आठव्या महिन्यात तो चौऱ्याऐंशीवर आला, तेव्हा धाकट्या जावेने खोलीभर ओरडून सगळ्यांना सांगितलं. शिंपीणबाईंचे डोळे भरून आले. मी मात्र कासावीस झालो होतो. कारण पाण्यात हात मारून मारून त्यांचे दंड असे भरले होते, की दांड्यावर आता तीन नव्हे, सहा किलो बसत होते, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

त्याच दिवशी त्या दवाखान्यात गेल्या. तिथे खुर्चीचा काटा. खुर्चीत बसवलं, हात मांडीवर ठेवायला सांगितले. नव्वद भरले.

दुसऱ्या दिवशी जाऊ एकटीच आली. तिने मला सरळ लाथ घातली. "खोटारडा मेला! डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, बाहेरचा आकडा सांगून ऑपरेशन होत नसतं बाई. ताई घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपल्यात. दुकानही उघडलं नाही." बोलता बोलता तिला रडू फुटलं. मला लाथेचं काही वाटलं नाही. पण भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या शिंपीणबाई काही डोळ्यांसमोरून हलेनात.

तिने कचेरीत तक्रार केली. दोन दिवसांत माझ्या जागी काचेचा नवा काटा आला. सडपातळ, निळे आकडे चमकवणारा. मला कोपऱ्यात बादल्या आणि खराट्यांच्या मागे ढकललं आणि पाठीवर खडूने 'भंगार' असं लिहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीचं हे प्रशस्तिपत्रक. राग आला, खोटं कशाला बोलू. वाटलं, न्या भंगारात, पण आधी माझ्यावर वीस किलोचं वजन ठेवून बघा आणि मग न्या.

आठ दिवसांनी कुबडीचा आवाज आला. मागे जाऊ होतीच.

"ताई, मला वाटलं तुम्ही आता येणार नाही."

"वजनासाठी नाही आले," शिंपीणबाई म्हणाल्या. "आठ दिवस पलंगावर गुडघा दुखला. पाण्यात दुखत नाही. डॉक्टर कापोत नाहीतर न कापोत, मी पोहणार."

बाकावरून उठताना त्यांची नजर नव्या काट्यावर गेली. दांडा धरून त्या त्यावर चढल्या. निळे आकडे जरा पळापळ करून थांबले. चौऱ्याऐंशी.

"अगं बाई, हाही खोटा?" जाऊ म्हणाली.

शिंपीणबाईंनी आधी त्या आकड्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे, मग दांड्याकडे. आणि कपाळावर हात मारून मटकन बाकावर बसल्या.

"मी रोज काय करते गं दुकानात? गिऱ्हाईक माप देताना पोट आत ओढून उभं राहतं. मी म्हणते, बाई, श्वास सोडा, नाहीतर ब्लाउज बसायचा नाही आणि नाव माझं खराब होईल. आणि इथे आठ महिने मी स्वतःच चुकीचं माप देत होते. हा दांडा मला धरून होता. जुना काटा कुठाय?"

"भंगारात टाकतायत."

"आण त्याला इकडे. आणि ते प्लॅस्टिकचं स्टूल आण."

नव्या काट्यावर स्टुलाचे पाय मावत नव्हते. माझ्या पाठीवर ऐसपैस मावले. जावेने मला बादल्यांमागून फरफटत आणलं. आधी नुसतं स्टूल ठेवलं: दोन किलो. मग शिंपीणबाई त्यावर बसल्या, दोन्ही पाय माझ्या कडेवर टेकवले, दोन्ही हात मांडीवर ठेवले. कोणाला धरलं नाही, कशाला टेकल्या नाहीत. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्या सगळ्याच्या सगळ्या माझ्यावर होत्या. मी ब्याण्णव सांगितलं.

"त्यातून स्टुलाचे दोन काढ," शिंपीणबाई म्हणाल्या. "नव्वद. डॉक्टरांचा काटा खरा, आणि हाही खरा."

जाऊ खाली वाकली. मग तिने पदराने माझ्या पाठीवरचा खडू पुसला, आणि काटा शून्यावर आणायचा माझ्या बाजूचा स्क्रू नाण्याने केसभर फिरवून नीट केला. तो सहा वर्षांत कोणी फिरवला नव्हता. "चुकलं बरं का," ती हळूच म्हणाली. ते मला म्हणाली की ताईंना, हे मी विचारलं नाही.

"पण ताई, सहा किलो परत आले."

"आले कुठे? गेलेच नव्हते. अठ्ठ्याण्णवाचे नव्वद तर झालेत ना? ते आठ मी पाण्यात सोडलेत, ते कोणाच्या बापाला परत आणता यायचे नाहीत. आता वरचे पाच." एवढं बोलून त्यांनी कुबडी उचलली आणि जावेच्या खांद्यावर हात ठेवून त्या पाण्याकडे गेल्या. त्या दिवशी तो हात काठाला बावीस वेळा लागला. शिट्टीबाईंनी वेळ संपल्याची शिट्टी दोनदा वाजवली, पण शिंपीणबाईंनी ऐकू न आल्याचं सोंग केलं.

त्यानंतर दर सोमवारी स्टूल, दोन्ही हात मांडीवर आणि मी. काही सोमवारी काटा जागचा हलला नाही. एकदा तर अर्धा किलो वर गेला. शिंपीणबाई आकडा मोठ्याने वाचायच्या, चुकवायच्या नाहीत. साडेतीन महिन्यांनी स्टुलासकट साडेशहाऐंशी भरले. जाऊ म्हणाली, अंगावरचा ओला टॉवेल काढून पुन्हा बसा, आणखी कमी भरेल. त्या म्हणाल्या, "एकदा घेतलेलं माप मी बदलत नाही." दवाखान्यातल्या खुर्चीनेही साडेचौऱ्याऐंशीच सांगितले. गुडघा बदलायची तारीख मिळाली.

पुढचे चार महिने सोमवार रिकामे गेले. मी माझ्या जुन्या जागी परत आलो होतो, पण दारातून येणारे पाय बघून बघून कंटाळलो होतो. आणि मग एके सकाळी तो रुंद पाय आला. गुडघ्यावरून खाली लांबच लांब टाक्यांची खूण. जाऊ स्टूल आणायला वळली.

"राहू दे," शिंपीणबाई म्हणाल्या.

दांडा धरून त्या माझ्यावर चढल्या. बारीक पायाची बोटं नुसती टेकवली. मग त्यांनी दांडा सोडला. आधी करंगळी, मग उरलेली बोटं, मग सगळा हात. दोन्ही हात अंगाशी घेऊन त्या एका पायावर उभ्या राहिल्या. माझा काटा थरथरला. मी जन्मात कधी इतका थरथरलो नव्हतो. मग तो थांबला. सत्त्याऐंशी.

"अगं बाई," जाऊ वाकून बघत म्हणाली, "झोपून झोपून अडीच वाढले की हो."

"वाढू देत," शिंपीणबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे तबकडीवर नव्हतेच, त्या समोरच्या दारावरून पाण्याकडे बघत होत्या. "अडीच काय, उतरवीन पुन्हा. मी कशाला धरलंय का, तेवढं सांग."

"नाही, ताई."

"मग झालं."

तर मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. ओल्या पायांनी माझ्यावर उभे राहू नका, गंज चढतो. सहा-सहा वर्षं थांबू नका, अधूनमधून माझं शून्य बघत जा. आणि माझ्यावर चढलात की हात मोकळे सोडा. तोल जात असेल तर स्टूल घ्या, त्यात लाज कसली. आकडा आवडला नाही तर शिव्या द्या हवं तर, पण पुरते माझ्यावर या. बिडाचा आहे मी. पेलेन.