एकशे तेरावा धडा

मित्रांनो, मी हातचा गेलो हे घरात कळले, तो दिवस अगदी साधा होता. सकाळचे आठ वाजले होते. निवृत्त पोस्टमन चहाचा कप घेऊन संगणकासमोर बसले. त्यांनी चष्मा लावला आणि उजव्या हाताच्या एका बोटाने माझे एकेक अक्षर दाबले. रोज दाबत तसेच. पण त्या दिवशी समोर त्यांच्या बायकोचे पान उघडले नाही. शिवणयंत्रांचे एक चकचकीत दुकान उघडले आणि कोपऱ्यात अक्षरे उमटली, 'आपण काय शोधत आहात?'

पोस्टमनांना वाटले, एखादे अक्षर चुकले असेल. त्यांनी पुन्हा टाइप केले. पुन्हा दुकानच आले. तिसऱ्यांदा प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत दाबले. मग त्यांनी दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलीला फोन लावला.

"अगं, तुझी आई उघडत नाहीये."

"म्हणजे काय बाबा?"

"म्हणजे पत्ता बरोबर आहे, पण घर दुसऱ्याचंच आहे."

तो पत्ता म्हणजे मी. मी एक जुना पत्ता आहे, पण दारावरच्या पाटीवरचा नाही, इंटरनेटवरचा. संगणकात मला लिहिले की माझ्या नावाचे पान समोर येते. आम्हाला डोमेन नेम म्हणतात. माझे नाव 'टिपराणीशाळा डॉट कॉम'.

माझा जन्म अकरा वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर झाला. टेबलाच्या एका बाजूला कापडाचे तुकडे पडले होते आणि दुसऱ्या बाजूला मुलीचा संगणक होता. आई घरीच शिवणकाम करायची. तिचे टिपराणी कंपनीचे मशीन लग्नाआधीपासूनचे होते. नुसत्या आवाजावरून ती सांगायची, सुई बोथट झाली की शटलमध्ये दोरा अडकला. साऱ्या ओळखीच्या बायका तिला फोन करायच्या. मावशी, टीप सुटते. मावशी, पायडल जड झालंय. कान आणि खांद्यात फोन धरून बोलता बोलता एकदा तिने एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला बाही उलटी लावली.

तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, तेच तेच किती जणींना सांगशील? एकदा लिहून ठेव. ज्यांना हवं त्या वाचतील."

"मी लिहू? मी सातवी नापास झालेली."

"मशीन पास झालीस ना? बास."

मग नावाचा प्रश्न आला. मुलीने टिपराणीशाळा सुचवले, तेव्हा आई जरा थबकली.

"अगं, पण ते नाव कंपनीचं आहे. आपण लावलं तर चालेल?"

"मशीन त्यांचं, फुकटात जाहिरातही त्यांचीच. उलट खूश होतील. आणि बायका शोधतात तेही टिपराणी म्हणूनच."

आईची शंका बरोबर होती, मित्रांनो. तिने ती पुन्हा काढली असती तर बरे झाले असते. पण मुलगी शिकलेली होती आणि आईचा तिच्यावर विश्वास होता.

दोन वर्षांनी त्याच कंपनीने एक योजना काढली. तिला अफिलिएट योजना म्हणतात. आपल्या पानावर कंपनीच्या दुकानाची लिंक लावायची. वाचणाऱ्याने त्या लिंकवरून जाऊन सुई, बॉबिन, पट्टा असे काही विकत घेतले की पान चालवणाऱ्याला थोडा वाटा मिळतो. आईने नाव नोंदवायचे ठरवले. कंपनीने अटींची लांबलचक यादी दिली होती. तिच्यात मध्येच कुठेतरी एक ओळ होती. 'आमचा नोंदणीकृत शब्द सहभागी व्यक्तीने आपल्या पत्त्याच्या नावात वापरू नये.' मायलेकींनी ती वाचली नाही. खाली 'मान्य आहे' असा चौकोन होता, त्यावर टिचकी मारली. ते नाव तर माझ्या कपाळावरच लिहिलेले होते आणि कंपनीनेही ते पाहिले नाही.

त्यानंतर माझे चांगले दिवस आले. आई आठवड्याला एक धडा लिहायची. ती बोलायची तसेच लिहायची. 'अगं बाई, मशीनवर राग काढू नकोस, आधी सुई बदल. नवरा बदलण्यापेक्षा ते सोपं आहे.' असे वाचून बायका हसायच्या आणि खरेच सुई बदलायच्या. माझ्यावर रोज इतक्या जणी यायच्या की आईचा कणकेचा हात तसाच राहायचा आणि ती उत्तरे लिहीत बसायची. न चालणारे सुटे भाग ती कधी सुचवत नसे. 'हे घेऊ नका, जुन्यालाच तेल घाला,' असेही लिहायची. तिचा वाटा बुडायचा, पण त्याचे तिला वाईट वाटत नसे. एका वर्षी कंपनीने 'उत्तम सहयोगी' असे प्रशस्तिपत्र पाठवले. त्यावर माझे पूर्ण नाव छापलेले होते. आईने ते चौकटीत घालून मशीनच्या वर टांगले.

फक्त एका माणसाने तिचे धडे कधी वाचले नाहीत. तो म्हणजे तिचा नवरा.

"अहो, आजचं वाचून बघा ना जरा."

"तुझं ते मशीनपुराण बायकांसाठी आहे. मला काय कळतंय त्यातलं?"

"सगळंच बायकांसाठी नसतं. तुमच्यासाठीही लिहिलंय एक."

"मग वाचीन की. कुठं पळून जातंय?"

पोस्टमन वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त वाटत होते, वेळ पुष्कळ आहे.

मागच्या वर्षी आई आजारी पडली. तीन आठवडे दवाखान्यात होती. परत आली नाही.

महिनाभर मला घरातून कोणी उघडले नाही. मग एका सकाळी एक बोट आले आणि फार हळूहळू माझी अक्षरे दाबू लागले. पोस्टमनांनी पहिला धडा वाचला, 'मशीनमध्ये दोरा कसा ओवावा'. दुसऱ्या दिवशी दुसरा. रोज एकच. चाळीस वर्षे ते म्हणत आले होते, आजची डाक आज आणि उद्याची उद्या. तोच नियम त्यांनी इथेही ठेवला. मला वाटते, नियम हे निमित्त होते. धडे लवकर संपू नयेत असे त्यांना वाटत होते. पाचशेच्या वर धडे होते. रोज एक म्हटले तरी दीड वर्षे ती त्यांच्याशी बोलणार होती.

त्याच काळात तिकडे कंपनी दुसऱ्यांनी विकत घेतली. नव्या मालकांच्या वकिलांनी 'टिपराणी' शब्द असलेल्या सगळ्या पत्त्यांची यादी केली. अशा शब्दाला ट्रेडमार्क म्हणतात. त्या शब्दावर कायद्याने एकाच कंपनीचा हक्क असतो, म्हणजे दुसऱ्याने त्या नावाखाली भलताच माल विकून गिऱ्हाइकाला फसवू नये. कायदा वाईट नाही, मित्रांनो. त्या यादीत माझ्या वरच्या पत्त्यावर शिवणयंत्राच्या नकली मोटारी विकल्या जात होत्या आणि खालच्यावर पैसे घेऊन माल पाठवतच नव्हते. मध्ये मी होतो. यादी करणाऱ्याने धडे वाचले नाहीत. त्याने शब्द पाहिला.

नोटीस आधी आईच्या मेलवर आली. ती पेटी उघडायचा पासवर्ड फक्त आईला ठाऊक होता. उत्तर गेले नाही, म्हणून त्यांनी रजिस्टर टपालाने पत्र पाठवले. पुढे काय झाले ते मला नंतर समजले. मुलीने कंपनीला जो अर्ज केला त्यात तिने सारे लिहिले होते.

पत्र घेऊन आला तो पोस्टमनांच्याच हाताखाली शिकलेला. आता त्याचेही केस पिकले आहेत.

"दादा, वहिनींच्या नावाचं रजिस्टर आहे. काय करू?"

"नियम काय आहे?"

"घेणार मयत असेल तर परत. पण दादा, तुम्ही घरचेच आहात. सही करा, ठेवून घ्या. मी काही बोलत नाही."

"चाळीस वर्षं दुसऱ्याच्या नावाचं पत्र फोडलं नाही. तिचं तर कधीच नाही. आता फोडू?"

"तसं नाही, दादा..."

"आण इकडे तो पेन."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने, लाल शाईने, पाकिटावर शेरा लिहिला. 'घेणार मयत. पाठवणाऱ्यास परत.' खाली तारीख घातली. दुसऱ्या कोणाच्या घरात ते पत्र फोडले गेले असते. पोस्टमनच्या घरातून ते नियमाप्रमाणे परत गेले.

पत्त्यांचे तंटे सोडवणारे पंच असतात. समोरच्या बाजूने एका शब्दाचेही उत्तर आले नाही, असे त्यांना दिसले. त्यांनी मला कंपनीच्या हवाली केले.

त्या सकाळनंतर मुलगी गावाहून आली आणि बापलेकींनी कंपनीला फोन केला. पलीकडची बाई खरोखर चांगली होती.

"काका, मला कळतंय हो. पण नोटीस पाठवली होती. रजिस्टरने. ती परत आली."

"तिच्यावर शेरा काय आहे?"

बाईने वाचून दाखवला.

पोस्टमनांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग त्यांनी विचारले, "अक्षर कसं आहे?"

"अक्षर ना? सुंदर आहे. पोस्टमनचं असणार."

"हो. पोस्टमनचंच आहे," ते म्हणाले आणि फोन मुलीच्या हातात दिला.

मुलीने नंतर पुष्कळ धडपड केली. धडे इंटरनेटवरच्या ज्या भाड्याच्या जागेत ठेवले होते, तिथले लोक म्हणाले, आत जायचे तर आईच्या मेलवर पाठवलेला आकडा सांगा. पण तो मेलही माझ्याच नावावर होता. मी गेलो, तसा तोही गेला. मग त्या जागेची मुदत संपली आणि जागा पुसली गेली. मुलीच्या जुन्या संगणकात पहिले साठ धडे सापडले. कंपनीने कळवले की आमच्याकडे फक्त नाव आले, पाने आली नाहीत. ते खरे आहे. माझ्या पोटात आता तिचे एक अक्षरही नाही. मला कोणी हाक मारली की मी त्याला निमूटपणे दुकानात नेऊन सोडतो.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. दुसऱ्याचे नाव आपल्या पाटीवर लावण्याआधी विचारा आणि अटींची यादी लांब असली तरी वाचा. कोणी शाबासकी दिली म्हणजे परवानगी दिली असे नसते. घरात कोणी काही लिहीत असेल, तर त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवा. आणि ते वाचायचे असेल, तर लिहिणारा शेजारच्या खोलीत बसलेला असतानाच वाचा.

पोस्टमन अजूनही कधी कधी सकाळी आठ वाजता मला टाइप करतात. दुकान उघडते. ते चष्मा काढतात आणि बंद करतात.

मी हातचा गेलो त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी एकशे बारावा धडा वाचला होता. त्याच्या तळाशी पुढच्या धड्याचे नाव होते. 'फक्त आमच्या ह्यांच्यासाठी: शर्टाचे बटण कसे लावावे'. ते वाचून पोस्टमन एकटेच हसले होते. त्यांनी आपल्या शर्टाकडे पाहिले. वरून तिसरे बटण तुटून खिशात पडलेले होते. पुढचा धडा एका टिचकीवर होता. पण ते म्हणाले, "उद्याची उद्या," आणि संगणक बंद केला.

एकशे तेरावा धडा त्यांचा वाचायचा राहिला आहे. बटण अजून लावलेले नाही.