आपोआप मिटणारं दार

“आपोआप मिटणारं दार आणि दुडुदुडु पळणारं पोर एका घरात नांदत नाही गं,” नणंदेनं तिला बिजागऱ्यांच्या दुकानातच बजावलं होतं. ती हसली होती. “ताई, तुम्हाला तर स्वतःच्या सावलीचीही भीती!”

नवरा घरीच ड्रम शिकवायचा. आवाज बाहेर येऊ नये म्हणून त्या खोलीला जाडजूड दार केलं होतं. दोन फळ्या, मध्ये रबर, वजन दोन माणसांचं. आता त्याला पेलणाऱ्या बिजागऱ्या हव्या होत्या. दुकानदारानं दोन मांडल्या. एक साधी, दार सोडाल तिथं थांबवणारी. दुसरी तिरक्या कापाची. उघडताना दार जरासं वर उचलायची आणि सोडलं की ते स्वतःच्या भारानं खाली बसत मिटायचं. नवरा दार लावायला हटकून विसरायचा आणि झोपलेलं पोर दचकून उठायचं. तिनं दुसरी उचलली.

“बरोबर आहे वहिनी,” दुकानदार म्हणाला, “नवरा बदलण्यापेक्षा बिजागरी बदलणं सोपं.”

त्या बिजागऱ्या बसल्यावर एका दुपारी नवरा बाहेर गेला तो खोलीला वारा लागावा म्हणून दाराला स्टूल टेकवून. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घालता घालता तिचा हात थांबला. घर फार गप्प होतं.

“चिमण्या?”

पलंगाखाली नाही. न्हाणीघरात नाही. पडद्यामागं नाही. बाहेरच्या दाराची कडी वरच होती. ती धावत ड्रमच्या खोलीपुढच्या बोळात आली. स्टूल आडवं पडलेलं आणि दार घट्ट मिटलेलं. तिनं कान लावला. काहीच नाही. तेच तर तिनं हौसेनं करून घेतलं होतं.

दार आत उघडायचं. तिनं खांदा लावून रेटलं. जेमतेम फट पडली आणि दार मऊ कशाला तरी अडलं. फटीतून घसा बसलेलं रडणं आलं आणि पाठोपाठ चार इवलीशी बोटं.

रेटावं तर पोर दाराला चिकटून बसलेलं. सोडावं तर बिजागरी आपलं काम चोख करणार. स्टूल हाताच्या टप्प्याबाहेर, फोन स्वयंपाकघरात. हाक ऐकायला शेजारी कुणी नाही. खांदा थरथरू लागला.

“चिमण्या, हात आत घे.”

हुंदके वाढले. बोटं आणखी पुढं आली, आईला शोधत.

“बरं, बाबांचा ड्रम कोण वाजवणार?”

रडणं थबकलं. त्या ड्रमला हात लावला की रोज ओरडा बसायचा.

“मी?”

“तूच रे राजा. जा, जोरात वाजव.”

“तू लागावशील.”

“नाही रागावणार. आईची शप्पथ.”

बोटं आत गेली. मग नुसतीच शांतता. आणि पार पलीकडच्या भिंतीकडून धडाम! तिनं जीव खाऊन दार लोटलं, आत घुसली आणि पोराला उचलून छातीशी आवळलं. त्याच्या हातातली काठी तिच्या पाठीवरही वाजत राहिली.

संध्याकाळी साध्या बिजागऱ्या बसल्या. नणंद येऊन बघून गेली. “मी सांगितलं होतं” असं एकदाही म्हणाली नाही. तेच जास्त बोचलं.

आता दार सोडाल तिथं थांबतं. तरी ती भेटेल त्याला विचारते, तसं तुम्हालाही विचारते: घरातलं लहानगं आत्ता कुठं आहे? त्याचा आवाज येतोय? येत नसेल तर हे ठेवा बाजूला. आधी उठून बघून या.