कोंबड्याचं सुतक

गोपीनाथला आईकडून दुसरं काही मिळालं नव्हतं, गळा तेवढा मिळाला होता, आणि त्याचीही त्याने माती केली.

आई म्हणजे कोपरची तुळसा. खाडीकाठच्या त्या आगरी वस्तीत कुणी गेलं की आधी तुळसाला निरोप जायचा, मग सोयऱ्यांना. मेलेल्याच्या उशाशी बसून ती सुरात रडायची. त्याने कुठला बांध घातला, कुणाशी भांडण काढलं, कुणाला उपाशी धाडलं नाही, सगळं आयत्या वेळी जुळवून सांगायची. तिच्या रडण्याशिवाय माणूस नीट पोचत नाही, अशी गावाची पक्की समजूत होती.

ठाण्याला आगगाडी येऊन तेव्हा वीस-पंचवीस वर्षं झाली असतील. एका लग्नात गोपीनाथची गाठ ठाण्याच्या अल्फान्सोशी पडली. हा चर्चमध्ये फिडल वाजवायचा आणि एरवी टवाळक्या करायचा. गोपीनाथने गंमत म्हणून आईची नक्कल केली, अल्फान्सोने फिडलीवर हुंदका काढला आणि मांडव खदखदला. पंधरवड्यात दोघे ठाण्याच्या खाडीवर एका दारूच्या पिठ्यात दर शनिवारी खेळ करू लागले. गोपीनाथ लुगडं नेसून मेलेल्या कोंबड्यासाठी गळा काढायचा, "कुनाच्या भरवशावर टाकून गेलास रं धनी!", आणि फिडल मागून नाक शिंकरायची. गिऱ्हाइकं पोट धरून लोळायची.

तुळसाच्या कानावर गेलंच. तिने आरडाओरडा केला नाही. "ठान्यात काय नाचायचं ते नाच," ती म्हणाली, "पन माजा सूर नको नेऊ. तो मेलेल्यांचा हाय."

"आये, ठान्यातलं कोन येतंय हितं?" गोपीनाथने उडवून लावलं. कोपरचं मीठ मचव्यातून ठाण्यालाच जायचं, आणि मीठ उतरवून झालं की गावचे गडी त्याच पिठ्यात बसायचे. या शहाण्याला ते समोर दिसत होते. आपली माणसं टाळ्या पिटतात, याचंच त्याला कौतुक.

सहा शनिवार झाले. सातव्याच्या आधी, बुधवारी सकाळी, गोपीनाथचा बाप परशुराम मिठागराच्या बांधावर टेकला तो उठलाच नाही.

अंगण भरलं. तुळसाने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि सूर लावला. तसा मचव्यावरच्या एका गड्याने तोंडात पंचा कोंबला. दुसऱ्याचे खांदे हलू लागले. एकेकाची मुंडी मुरगळावी, असं गोपीनाथला वाटलं. तेवढ्यात तुळसा म्हणाली, "कुनाच्या भरवशावर टाकून गेलास रं धनी," आणि खुद्द गोपीनाथच्या नाकातून फस्सकन हसू फुटलं. बाप समोर पडलेला, काळीज तुटत होतं, तरी फुटलं. सहा शनिवारांची सवय, दुसरं काय!

तुळसा थांबली. तिने लेकाकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"तूच रड आता," ती म्हणाली. "तुजं रडनं लोकांना आवडतंय."

गोपीनाथने तोंड उघडलं. बापाबद्दल सांगायला त्याच्याकडे काय कमी होतं? पण ओठांवर आला तो कोंबडाच. त्याने तोंड मिटलं.

परशुरामला तसंच उचललं. मसणापर्यंत कुणाच्या तोंडून शब्द निघाला नाही, आणि कोपरात असं कुणालाही, अगदी चोरालाही, आजवर नेलं नव्हतं.