गुरुवारचे घंगाळ

मी एक जुने तांब्याचे घंगाळ आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला बोलायला फार आवडते. वर्षातून एकच दिवस काम आणि बाकीचे दिवस पेंढ्यात पालथे पडून राहायचे, मग साठलेले बोलणे ठेवायचे तरी कुठे?

माझा जन्म पुण्यात, पेशव्यांच्या राज्यात, कसब्यातल्या तांबट आळीत झाला. मला घडवायला सांगितले ते पांढऱ्या झग्यातल्या एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी. दीनानाथ तांबटांनी विचारले, "घरात लग्नकार्य आहे का?"

"नाही. पाय धुवायला हवंय."

"कोणाचे?"

"लोकांचे. धुणार मी."

दीनानाथांनी त्यांना वरपासून खालपर्यंत नीट पाहिले. "मग तळ जाड ठेवतो. पुण्यात पाय धुऊन घेणारे पुष्कळ मिळतील तुम्हाला."

खरेच त्यांनी तळ जाड ठेवला. हातोडीने ठोकून अंगभर मठाराचे ठिपके उठवले, दोन बाजूंना कड्या बसवल्या. त्या हातांची मी आजही ऋणी आहे.

पेशव्यांच्या फौजेत तेव्हा गोव्याकडून आलेले ख्रिस्ती शिपाई आणि तोफा डागणारे गोलंदाज होते. त्यांच्या वस्तीत मातीच्या भिंतींचे एक छोटे प्रार्थनाघर होते. तिथे माझी राहण्याची सोय झाली. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस ही माणसे उपवास धरत, गाणे-बजावणे बंद ठेवत. शेवटच्या आठवड्यातला गुरुवार आला की मला बाहेर काढत. येशूने शेवटच्या जेवणाच्या वेळी कमरेला पंचा बांधून आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची ती आठवण. बारा चौरंग मांडायचे, बारा माणसे बसवायची आणि पाद्रीबाबांनी गुडघे टेकून एकेकाचे पाय माझ्यात घेऊन धुवायचे. केवढे सुंदर काम!

बारा जण कोण, हे वस्तीतले मानकरी रुजार सुभेदार ठरवायचे. दरवर्षी तीच मोठी घराणी, तीच नावे. माझे पाणी मात्र शेवटपर्यंत विहिरीतून काढल्यासारखे नितळ राहायचे. लोक म्हणायचे, घंगाळ कसे लखलखते! मी फुशारून जायची. पाणी का मळत नाही, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. कौतुक चालू असले की प्रश्न कुठले पडायला?

मला घासायला मारियाण यायची. तिचा नवरा सांतान पागेत मोतद्दार होता, म्हणजे घोड्यांची सगळी निगा त्याच्याकडे. दोघेही ख्रिस्तीच. तरी दर रविवारी ती दोघे दाराबाहेर उन्हात उभी राहून प्रार्थना ऐकायची. आत जागा नव्हती असे नाही. मोतद्दाराने आत यायचे नाही, असे कोणीतरी कधीतरी ठरवले होते आणि पुढे कोणी ते मोडले नव्हते.

म्हातारे पाद्रीबाबा वारले आणि त्यांच्या जागी तरुण पाद्री आगुस्तीन आले. त्या वर्षीच्या उपवासात ते स्वतःच्या ताटातली पेज घेऊन पागेतल्या आजाऱ्यांकडे जाऊ लागले. गुरुवारी सकाळी मारियाण मला चिंचेने घासत होती, तेव्हा सांतान तिच्याजवळ येऊन बसला.

"ईस्टर झाला की मी यायचं बंद करणार," तो म्हणाला.

"का? काय झालं?"

"सात वर्षं झाली. बाहेरूनच ऐकायचं, तर ते पागेतूनही ऐकू येतं. तिथं निदान सावली आहे."

मारियाणचा हात थांबला. माझ्या काठावर टपकन् एक थेंब पडला. तो पाण्याचा नव्हता.

दुपार कलली. चौरंग मांडले गेले. पण बारापैकी एक जण मोहिमेवर गेला होता. रुजार सुभेदारांच्या शेजारचा चौरंग रिकामा राहिला. पाद्री आगुस्तीन गुडघ्यावर बसले, पहिल्या चार-पाच जणांचे पाय धुतले आणि माझ्यात वाकून पाहू लागले.

"सुभेदार, सगळे घरूनच पाय धुऊन आलात?"

"तर काय," रुजार म्हणाले. "दगडानं घासून आलोय. मळके पाय आपल्या हातात द्यायचे म्हणजे लाजच की, पाद्रीबाबा."

"आणि मी इथं काय धुवायचं?"

त्या मोठ्या माणसांनी हे मानापोटी केले होते, वाईट मनाने नाही.  तरी मला तळापर्यंत ओशाळल्यासारखे झाले. इतकी वर्षे मी धुतलेलेच पाय धूत होते.

पाद्रीबाबांनी दाराकडे पाहिले. "सांतान, आत ये. इथं बस."

"पागेतून तसाच आलोय, बाबा. पाय भरलेत."

"म्हणूनच बोलावतोय."

रुजार सुभेदार ताडकन उठले. "तो बसला तर आम्ही चाललो."

बाकीच्यांपैकी तिघे जण खरेच निघून गेले. सांतान उंबऱ्याबाहेर एक पाय मागे घेऊन उभा होता. तो आता वळला असता तर पुन्हा कधी आला नसता, हे मला आणि मारियाणला पक्के ठाऊक होते.

तेवढ्यात चटईवर बसलेली रुजारांची म्हातारी आई बोलली. "रुजार, खाली बस. त्याच्या पायाला तुझ्याच घोड्याची लीद आहे. घोडा दारात बांधतोस, लोकांना मिरवून दाखवतोस. आणि त्याला सांभाळणारा चालत नाही होय रे?"

कोणीतरी मागे खुदकन हसले. सुभेदार बसले, पण मान वळवून.

सांतान आत आला. चौरंगाच्या अगदी कडेवर टेकला, बोटे आखडून त्याने पाय माझ्यात ठेवले. भेगाळलेले, लिदीने आणि मातीने माखलेले पाय. पाद्रीबाबांनी भेगा हलक्या हाताने चोळल्या, पाय पुसले, आणि प्रत्येक पावलाचे चुंबन घेतले. सांतान त्यांच्या डोक्याकडे बघत राहिला. माझे पाणी काळेकुट्ट झाले होते. मित्रांनो, इतके छान मला कधीच वाटले नव्हते!

पुढचा नंबर रुजारांचा. मारियाण ताजे पाणी घेऊन धावली.

सुभेदारांनी माझ्यात वाकून पाहिले आणि हाताने तिला थांबवले. मग म्हणाले, "राहू दे, बाई. हेच चालेल."

आणि त्यांनी आपले घासून आणलेले पाय त्या काळ्या पाण्यात बुडवले.

ईस्टरच्या सकाळी सांतान आणि मारियाण आत, भिंतीशी नव्हे तर मध्यावर उभी होती. निघून गेलेल्यांपैकी दोघे परत आले, एक कधीच आला नाही. त्याचे मला अजून वाईट वाटते. पण पुढच्या वर्षापासून बारा नावे ठरवणे संपले. कोणी शेतातून येते, कोणी तोफखान्यातून, कोणी पागेतून. माझ्या तळाला आता डाग आहेत, काठाला पोचे आहेत. त्या प्रत्येक पायाचे मी आभार मानते.

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनंती. मला चिंचेने घासा, पोचा पडला तर तांबटाकडे न्या. पण मला शोभेला ठेवू नका, आणि माझ्याकडे येताना घरून पाय धुऊन येऊ नका. जसे असाल तसे या.