फ्लॅनेलचं अस्तर

श्रीधरपंत वाटव्यांना थंडी वाजत नसे. म्हणजे वाजायची, पण कबूल करायचं नाही, असा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम होता. डिसेंबरात अख्खं पुणं कानटोप्या घालून मंडईत मटार निवडत असायचं आणि हे गृहस्थ पातळ सुती कुर्त्यात फिरायचे. कुर्त्यावर जाकीट घातलं की माणूस निवडणुकीला उभा राहिल्यासारखा दिसतो, असं त्यांचं मत. आणि स्वेटर? एका गवयाने बैठकीत कुर्त्यावर स्वेटर चढवला, तर पंत पहिला राग संपायच्या आत उठून घरी आले होते.

त्यांच्या पत्नी सुहासिनीबाईंनी हे सगळं वर्षानुवर्षं कौतुकाने ऐकलं. पण यंदा गणपतीत पंतांना न्यूमोनिया झाला, अकरा दिवस दवाखान्यात गेले, आणि बाईंचं कौतुक संपलं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, "छातीला गार वारा लागू देऊ नका. पुन्हा झालं तर अवघड आहे." आणि आता येत्या रविवारी सकाळी सहाला, कात्रजच्या तळ्याकाठी, उघड्या मांडवात पंतांचं गाणं ठरलं होतं. ठरल्या दिवसापासून बाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"शाल तरी घ्याल ना अंगावर?" त्यांनी विचारून पाहिलं.

"शाल सत्काराला घेतात," पंत म्हणाले. "माझं गाणं आहे, सत्कार नाही."

सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. मग बाईंनी सरळ मार्ग सोडला. कुर्त्याच्या कापडाबरोबर दोन मीटर पांढरं फ्लॅनेल पिशवीत घालून त्या मंडईमागे नसीमबानूकडे गेल्या. पंतांचे कुर्ते तीस वर्षं तिच्याच मशीनवर शिवले जात होते.

"बाहेरून नेहमीचाच कुर्ता दिसला पाहिजे," बाई म्हणाल्या. "आत हे अस्तर. गळ्याशी, खालच्या चिरेशी, कुठे म्हणून डोकावता कामा नये. त्यांना कळलं तर अंगाला लावणार नाहीत."

नसीमबानूने फ्लॅनेल गालाला लावून पाहिलं. "बाहीला कोपरापर्यंतच लावते, ताई. मनगट पातळ दिसलं की माणूस फसतो. आणि गाताना हात कोणता वर जातो?"

"उजवा. सूर फारच वर गेला तर दोन्ही."

"मग बगलेतला चौकोन मोठा कापते. नाहीतर वर गेलेला हात खाली यायचा नाही."

बाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

शनिवारी सकाळी कुर्ता आला. अगदी मनासारखा. पंत तंबोऱ्याची जवारी लावून घ्यायला बुधवार पेठेत गेले होते. कोरा कपडा पाण्यातून काढल्याशिवाय अंगाला लावायचा नाही, ही वाटव्यांकडची रीत. बाईंनी सवयीने तो बादलीत बुडवला, हलकेच पिळला आणि गच्चीवर उन्हात टाकला. चार वाजता काढायला गेल्या तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. छातीवर चुण्याच चुण्या, बगल वर ओढलेली, पाठ आखडलेली. त्या तशाच चपला अडकवून निघाल्या.

"फ्लॅनेल भिजवून आणलं नव्हतं, ताई?" नसीमबानूने विचारलं.

"तू नाही भिजवलंस?"

"तीस वर्षं तुम्ही कापड भिजवूनच आणता. मी कधी विचारलंय?"

खरं होतं. कुर्त्याचं कापड बाईंनी भिजवलंच होतं. फ्लॅनेल तेवढं भिजवलं नाही, कारण दोन मीटर फ्लॅनेल दोरीवर दिसलं असतं तर पंतांनी विचारलं असतं. चोरी लपवायला गेल्या आणि तिथेच फसल्या.

"अस्तर उसवून काढते," नसीमबानू म्हणाली. "तासाभरात कुर्ता पहिल्यासारखा होईल. पण ऊब गेली. दुसरं फ्लॅनेल भिजवून वाळेपर्यंत उद्याची दुपार होईल."

बाई स्टुलावर मटकन बसल्या. "अगं, तो माणूस माझ्या हातचा जाईल गं," त्या म्हणाल्या आणि भर दुकानात पदर डोळ्यांना लावून रडल्या. नसीमबानूने ब्लेड घेतलं आणि उसवायला लागली.

दिवेलागणीला बाई घरी आल्या तेव्हा पंत खुर्चीत बसले होते. तंबोरा कोपऱ्यात गवसणीतच होता. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाईंनी अस्तरापासून बादलीपर्यंत सगळं सांगून टाकलं आणि टोमण्याची वाट पाहत उभ्या राहिल्या.

टोमणा आला नाही.

"तू विणलेला तो करडा स्वेटर आहे का गं अजून?" पंतांनी विचारलं.

"आहे. ट्रंकेत."

"काढ. उद्या कुर्त्यावर तोच घालतो."

"आणि मफलर?"

"मफलरही दे."

"लोक हसतील हो तुम्हाला," बाई म्हणाल्या. आपण असं का म्हटलं ते त्यांनाच कळलं नाही.

"हसू देत."

ट्रंक उघडली, डांबराच्या गोळ्यांचा वास आला. बाईंनी स्वेटर काढून झटकला. हवं ते सगळं मिळालं होतं. चाळीस वर्षांत ज्या माणसाने त्यांचं एक ऐकलं नाही, तो आज सांगायच्या आत ऐकत होता. त्यांना एकदम फार भीती वाटली.

"घालून बघा बरं," त्या म्हणाल्या.

पंतांनी डावा हात वर केला. उजवा खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. त्यांनी ओठ आवळून डाव्या हाताने छातीची उजवी बाजू दाबून धरली.

"कधीपासून दुखतंय?" बाईंनी विचारलं.

"आधी तो स्वेटर माझ्या अंगात घाल," पंत म्हणाले. मग, बाईंकडे न बघता, "मंगळवारपासून."