जिवंत हजर

ताता इलारियोन जन्मले त्याच दिवशी त्यांनी नोंदणी अधिकाऱ्याचं बोट चावलं. ही आमच्या घरातली सगळ्यात जुनी गंमत. दर तीन मेला, तातांच्या वाढदिवसाला, तिखट मोले रश्शाची ताटं समोर आली की कुणीतरी ती सांगणारच. मी सोळा वर्षं ती ऐकली आणि सोळा वर्षं हसले. बावळट कुठली.

ताता म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, विटा भाजण्यात जन्म गेला, आता आमच्याच मागच्या खोलीत राहतात. कागदावर ते आन्सेल्मो आणि क्रेसेन्सियाचं पोटचं पोर. पण तसं नाही, हे सगळ्या लास पालोमितास गावाला माहीत आहे. ते सात वर्षांचे असताना भोवऱ्यावरून भांडण झालं आणि त्यांची थोरली बहीण पेत्रा ओरडली, "तू आमचा नाहीसच! तुझ्या आईने तुला टाकला, आमच्या आईने उचलून आणला!" त्यावर तातांनी क्रेसेन्सियाआईला कधी काही विचारलं नाही. ती वारली तेव्हा ते चाळिशीत होते. तोवरही नाही.

"का नाही विचारलंत?" मी म्हटलं.

"तिला वाटलं असतं, माझ्यात काय कमी होतं म्हणून हा दुसरी शोधतोय."

हे बोलणं ऑक्टोबरमधलं. मी तव्यावर गोर्दिता, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, भाजत होते, दुपारी आईला विकायला न्यायच्या होत्या. ताता समोर बसून राजम्यातले खडे निवडत होते. सप्टेंबरात छातीत दुखून आठवडाभर दवाखान्यात राहून आले, तेव्हापासून त्यांना एकच घोर लागला होता.

"वर गेलो की दोघी उभ्या असणार, पोरी. क्रेसेन्सियाआईला तर मी मिठी मारीन. पण त्या दुसरीचं काय? टोपी काढू, का तोंड फिरवू?"

"परत तेच!"

"मला तेवढंच कळायला हवं. बाकी माझं सामान बांधून झालंय."

नोंदणी कचेरीत ते तीनदा जाऊन आले होते. चव्वेचाळीस सालचा मे महिना, जन्माच्या सगळ्या नोंदी. एकट्या बाईने नोंदवलेलं पोर कुठलं, नंतर गायब झालेलं पोर कुठलं, सगळं बघून झालं. काही सापडलं नाही.

माझी सटकली. गोर्दिता करपत होती, आईची हाक येत होती, आणि हे आपले खडे निवडत तेच तेच. मी म्हटलं, "टाकलं असेल तर टाकलं! माझ्या बापाने नाही टाकलं मला? तिकडे डॅलसला लोकांच्या घरांवर छपरं घालतोय, एक फोन करत नाही. मी बसते का रडत? टाकणाऱ्यांसाठी कसली टोपी काढताय!"

 तातांनी निवडून झालेला राजमा परत ताटात ओतला आणि पहिल्यापासून निवडायला लागले.

मला तव्यावर हात ठेवावासा वाटला. त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी भिंतीकडे बघायला लागले. भिंतीवर खाटकाच्या दुकानाचं कॅलेंडर. प्रत्येक तारखेखाली त्या दिवसाच्या संताचं नाव, मुंगीएवढ्या अक्षरात. बघता बघता एकवीस तारखेवर नजर गेली. संत इलारियोन.

"ताता, तुमचं नाव कुणी ठेवलं?"

"कॅलेंडरने," ते मान वर न करता म्हणाले. "तेव्हा सगळ्यांचं तोच ठेवायचा. ज्या दिवशी जन्माला, त्या दिवसाच्या संताचं. म्हणून तर गावात एवढे भयंकर नावांचे म्हातारे."

"मग तीन मेला तर पवित्र क्रूसाचा सण. तुमचं नाव क्रुस असायला हवं होतं. आपल्या गल्लीत दोन क्रुस आहेत, दोघेही तीन मेचे. तुम्ही इलारियोन कसे?"

"आवडलं असेल कुणाला."

"हे नाव? आवडलं?"

आता ते हसले. मी मात्र हसत नव्हते. माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी कुरतडत होतं. मी उलथणं खाली ठेवलं.

"आणि ताता, एका दिवसाच्या बाळाला चावायला दात कुठून आले?"

तातांचा हात राजम्यात तसाच राहिला.  मग गोर्दिता पूर्ण जळली, आई बाहेरून येऊन मला काय काय बोलली, ते मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कचेरीत. तिथे ओब्दुलियाबाई. टेबलावर शिक्के, मांडीवर विणकाम. तातांना बघून म्हणाल्या, "परत आलात? मे चव्वेचाळीस तुम्हाला एव्हाना पाठ झाला असेल."

"आम्हाला मे नकोय," मी म्हटलं.

"ही कोण?"

"भावाची नात. ब्रिसेइदा," ताता म्हणाले. "शाळा सुटलीय तिची."

"सुटली, का हाकलली?"

"मीच सोडली! ते हाकलणार होते त्याच्या आदल्या दिवशी."

ओब्दुलियाबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं. मला वाटतं तिथूनच त्यांना मी आवडले. म्हणाल्या, "मग काय हवंय?"

मी सगळं सांगितलं. कॅलेंडर, दात, एकवीस ऑक्टोबर. त्यांनी तातांचा जन्माचा दाखला काढला आणि चष्मा कपाळावर ढकलून वाचला. "'क्रेसेन्सिया रोब्लेस यांनी मुलाला जिवंत हजर केले. मूल आज पहाटे पाच वाजता जन्मले.'" त्यांनी दाखल्याकडे बघितलं, मग तातांकडे. "आज पहाटे म्हणे! सहा महिन्यांचं पोर, दोन दातांचं. साहेबाने कागदातून मान वर केली असती तरी कळलं असतं. बोट चावल्यावरही कळलं नाही याला!"

"जिवंत हजर केलं म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे मूल घेऊन यायचं. साहेबाला दाखवायचं, की बाबा हे आहे आणि श्वास घेतंय. सगळ्या दाखल्यांवर तेच असतं."

त्रेचाळीसच्या ऑक्टोबरची वही काढली, मग नोव्हेंबर, डिसेंबर. इलारियोन एकही नाही. ओब्दुलियाबाई म्हणाल्या, "रानवस्तीवरचे लोक तेव्हा पोर जगतंय का ते बघून मग यायचे. तिने नोंदवलंच नसेल."

पण मला आता गोष्ट सरळ दिसत होती. पोराला नाव ठेवलं ते त्याच्याच दिवसाच्या संताचं. म्हणजे ठेवणारी तिथे होती. मग पोर सहा महिन्यांचं झालं, दोन दात आले, तोवर कुणीतरी पाजत होतंच की. टाकायचं तर पहिल्या आठवड्यात टाकतात. सहा महिने पाजून, दात बघून कोण टाकतं?

मी म्हटलं, "बाई, मेलेल्यांची वही द्या. चव्वेचाळीसची. एप्रिल."

"नको," ताता म्हणाले.

एवढ्या जोरात की बाहेर रांगेतला माणूस वळून बघायला लागला.

"नको पोरी. टाकून गेलेली चालते मला. ती सवयीची आहे. पण मेलेली असेल तर..." त्यांनी टोपीची कड घट्ट धरली. "तर मी सात वर्षांचा असल्यापासून तिला शिव्या देतोय, त्यांचं काय करू?"

 मला कायम काहीतरी सुचतंच, आणि बहुतेक वेळा ते चुकीचंच असतं. म्हणून त्या वेळी मी त्यांचा हात धरला. विटांनी खरवडलेला, लाकडासारखा हात.

ओब्दुलियाबाईंनी विचारलंच नाही. उठल्या, आतून वही आणली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "पानं हळू उलट. नावांची यादी नाही, एकेक वाचावं लागेल."

अक्षर म्हणजे कोंबडीने पाय ओढलेले. पण मला असलं अक्षर वाचता येतं. शाळेत मला एवढं एकच नीट यायचं, गुरुजींच्या पाठीमागून त्यांच्या वहीतलं वाचणं. एप्रिलमध्ये नुसती बाळं. गोवर, गोवर, डांग्या खोकला, गोवर. एकाच घरातली तीन, चार दिवसांत. मी ती मोठ्याने वाचली नाहीत. ताता खिडकीकडे तोंड करून बसले होते.

एक्केचाळीस नंबरच्या नोंदीला माझं बोट थांबलं.

"सापडली?" ताता न वळता म्हणाले.

"हो."

"वाच. पटकन वाच."

मी वाचलं. "'चोवीस एप्रिल, दुपारी चार वाजता, मारिया त्रान्सितो ओलागे, वय एकोणीस, अविवाहित, रानवस्तीवरील रहिवासी, ही बयान देणाऱ्या क्रेसेन्सिया रोब्लेसच्या राहत्या घरी न्यूमोनियाने मरण पावली. मागे सहा महिन्यांचा एक मुलगा, नाव इलारियोन. दफन पंचवीस तारखेस, तिसऱ्या वर्गाच्या कबरीत, पूर्वेच्या भिंतीलगत. बयान देणारीस लिहिता येत नसल्याने सही नाही.'"

 बाहेर रांगेतला माणूस खोकला.

मग ताता उभे राहिले. टेबलाला धरून, सावकाश. आणि त्यांनी टोपी काढली. वहीसमोर. छातीशी धरून तसेच उभे राहिले, पांढरे केस टोपीने दाबून चपटे झालेले, आणि डोळ्यांतून पाणी नुसतं वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं.

"एकोणीस," ते म्हणाले. "हिच्याएवढी."

"मी सोळाची आहे," मी म्हटलं. 

ओब्दुलियाबाई बोटांवर काहीतरी मोजत होत्या. "पुरलं पंचवीसला. त्या संध्याकाळपासून मेलेलीसाठी नऊ दिवसांची जपमाळ. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस..." त्यांनी नववं बोट धरलं. "तीन मे. त्या दिवशी घरातला क्रूस उचलून थडग्यावर नेला असणार. आणि नऊ दिवस पुरे करूनच क्रेसेन्सिया पोर घेऊन इथे आली. त्याआधी नाही. मेलेल्या आईची जपमाळ संपल्याशिवाय तिचं पोर आपल्या नावावर करून घेतलं नाही तिने."

"मग खोटं कशाला सांगितलं? आणि नंतर तरी सांगायचं ना!" मला परत राग यायला लागला होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

"खरं सांगितलं असतं तर पोर सरकारी अनाथाश्रमात गेलं असतं. आणि एकदा साहेबापुढे शपथेवर खोटं बोलली की मग बाई घाबरते, पोरी. जन्मभर घाबरते."

पण ताता आमचं ऐकत नव्हते. त्यांचा चेहरा असा झाला होता, जसं कुणीतरी लांबून हाक मारतंय.

"पूर्वेची भिंत," ते म्हणाले. "ब्रिसा. पूर्वेची भिंत."

आणि मला एकदम कळलं. 

दर तीन मेला, मोले नाही, केक नाही, काही नाही, आधी स्मशानात जायचं. त्या दिवशी सगळं गावच क्रूस सजवतं, म्हणून त्यात वेगळं काही कुणाला वाटलं नाही. पण आमच्या घरचे क्रूस पश्चिमेला, लिंबाच्या झाडाखाली. आणि त्यांच्याही आधी आम्ही पूर्वेच्या भिंतीजवळच्या एका लोखंडी क्रूसाला फुलं घालायचो. त्यावर नाव नाही. क्रेसेन्सियाआईने तातांना लहानपणापासून लावलेली शिस्त होती ती. आधी त्याला फुलं, मग जेवण. ती गेल्यावर ताता करत राहिले. मी लहान असताना विचारलंही होतं, हा कुणाचा? ते म्हणाले होते, "बिचाऱ्या कुणाचा तरी. आईला आवडायचं."

"एवढी वर्षं," ताता म्हणाले, "शिव्या तोंडाने दिल्या. फुलं हाताने घातली."

"हातांचं धरतील वर," ओब्दुलियाबाई म्हणाल्या आणि नाक ओढून परत विणकाम उचललं. "आणि हो, तुम्ही आता सहा महिन्यांनी मोठे झालात. अभिनंदन."

ताता दारात थांबले. "म्हणजे मी चोनपेक्षा मोठा?"

चोन म्हणजे त्यांचा मित्र. मार्चमधला. दोन महिन्यांनी मोठा म्हणून चौकातल्या बाकावरची सावलीतली जागा साठ वर्षं अडवून बसलाय.

"मोठे," मी म्हटलं.

"उद्याच उठवतो त्याला."

स्मशानात आम्ही तिथूनच गेलो. आई गोर्दितांची वाट बघत होती, बघू दे म्हटलं. क्रूसावर मे महिन्यातला जांभळा कागद अजून अडकला होता, उन्हाने रंग उडून पांढरा झालेला. मी तो काढला आणि ओढणीने गंज पुसला. रंग नव्हता, ब्रश नव्हता. माझ्या पिशवीत निळ्या नेलपॉलिशची बाटली होती. मी गुडघ्यांवर बसून लिहिलं. त्रान्सितो ओलागे. शेवटचं अक्षर जरा ओघळलं.

"निळं?" ताता म्हणाले.

"एकोणीस वर्षांची होती ती. आवडलं असतं."

 ताता नेलपॉलिश वाळेपर्यंत थांबले. मग टोपी परत काढली, पाठ जेवढी ताठ होते तेवढी केली, साहेबासमोर उभं राहावं तशी, आणि म्हणाले,

"आई. हजर आहे. जिवंत."